जेवणानंतरचा अर्धा तास

उपाशीपोटीच्या साखरेचा विषय निघाला की पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची कॉलर ताठ. गोळ्या वेळेवर, सकाळचा आकडा झकास, मग घाबरायचं कुणाला? या खेपेला मात्र डॉक्टरीणबाईंनी जेवून दोन तासांनी रक्त तपासायला लावलं आणि आकडा निघाला दोनशे चाळीस.

"इन्सुलिन तुमच्या अंगात तयार होतंय," बाई म्हणाल्या. "ते साखर घ्या म्हणून सांगतं, पण स्नायू दाद देत नाहीत. मग जेवणातली साखर रक्तातच रेंगाळते."

"म्हणजे यांच्यासारखंच," बायको म्हणाली. "हाक ऐकू येते, पण उठायचं नाव नाही."

बाई हसल्या. "मग उठवा त्यांना. चालायला लागलं की स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. दुपारी जेवून लोळू नका, पाव तास तरी चाला. फरक नाही पडला तर आणखी एक गोळी वाढवू."

बायकोने मान डोलावली खरी, पण तिला आठवली ती आपली दुपार. दुपारी नवरा कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा झाला की ती दुकानाचं दार लोटून घ्यायची, पाय वर घेऊन बसायची आणि छोटासा रेडिओ लावायची. अर्धा तास कीर्तनकार बुवा गात गात देवाची कथा सांगायचे. सुई नाही, सरस नाही, कुणाची हाक नाही. दिवसभरात तेवढंच काय ते तिचं हक्काचं सुख. आणि नवरा एकटा चालेल, ही गोष्ट देवालाही खरी वाटली नसती.

तरी तिने करून पाहिलं. जेवण होताच बांधलेल्या पुस्तकांची पिशवी हातात देऊन त्याला पिटाळलं. विहीर खणणाऱ्या दोन भावांची कथा रंगात आली होती, तोच शेजारचा घड्याळजी दारात उभा.

"वहिनी, दादांना घेऊन जा. माझ्या खुर्चीत घोरताहेत. गिऱ्हाइकाला वाटलं, एखादं घड्याळच बिघडलंय."

दुसऱ्या दिवशी तिने ताटं उचलली, देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि रेडिओ न लावताच चपला घातल्या.

"चला."

"अगं, पण विहिरीचं काय झालं?"

"कुठल्या विहिरीचं?"

"परवा खडक लागला होता ना? काल मी नेमका घड्याळजीकडे होतो."

ती बघतच राहिली. "तुम्ही तर झोपलेले असता."

"डोळे मिटलेले असतात. उघडे ठेवले तर तू कागद दुमडायला बसवशील."

इतकी वर्षं! रागवावं की हसावं, तिला कळेना. दोन्ही करून झाल्यावर तिने रेडिओ लावून त्याच्या खिशात घातला. चालता चालता कालची हकीकत सांगितली. पाव तास झाला तेव्हा दोघं शाळेच्या भिंतीशी होती, पण बुवा भर रंगात आले होते. परत फिरायचं कुणी? पुलापर्यंत गेली. ध्रुवपद आलं की तोही सूर लावायचा, आणि ती जरा मागे राहायची.

महिन्याने दुपारचा आकडा एकशे साठ आला.

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नवी गोळी नको इतक्यात. किती चालता?"

"कथा संपेपर्यंत," तो म्हणाला.

दुकानाकडे परतताना कथेतल्या थोरल्या भावाचं चुकलं की धाकट्याचं, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्या भरात दुकान मागे राहिलं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.