बहुमताने खारट

'जीवरक्षकाने बेजबाबदारपणे उलटवल्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या बचाव-स्कूटरच्या इंजिनात समुद्राचे पाणी शिरले व ते तत्क्षणी कायमचे जाम झाले,' असे किनारा मंडळाच्या सचिवांनी सहीशिक्क्यानिशी जाहीर केले. लगतच्याच वाक्यात, बुडणाऱ्या गृहस्थाला 'त्याच स्कूटरवरून विनाविलंब किनाऱ्यावर आणल्याबद्दल' मंडळाने स्वतःचे अभिनंदन केले होते. जाम इंजिनाने माणूस वाहून आणण्याचा हा चमत्कार सचिवांना खटकला नाही. लिहिणाऱ्याने आपले लिखाण वाचावे, अशी सक्ती मंडळाच्या घटनेत नव्हती.

जीवरक्षक म्हणजे सचिवांच्या बायकोची भाची. तिची नोकरी त्या दुपारी जाणार होती. तिचे लाल जाकीट जप्त होऊन सचिवांच्या मांडीवर पडले होते. बायको म्हणजे धक्क्यावरची एकमेव मेकॅनिक. सगळे तिला आत्या म्हणत, आणि नम्रतेशी तिचा दुरूनही परिचय नव्हता.

"जाम म्हणजे नक्की काय हो?" शेडमध्ये जमलेल्या मंडळासमोर तिने नवऱ्याला विचारले.

"फिरत नाही म्हणजे जाम."

"मग तुम्हीही जामच. सकाळपासून खुर्चीतून हललेला नाहीत."

तिने शेडमधल्या स्कूटरचे सुरू करायचे बटण दाबले. ठक्! पुढे शांतता. सचिवांनी विजयी मुद्रेने सभासदांकडे पाहिले. आत्याने सीट उचलली, स्पार्क प्लग काढले आणि अत्यंत आदराने म्हणाली, "अहो, जरा वाकून बघा, नीट दिसेल."

सचिव वाकले. तिने पुन्हा बटण दाबले. मोकळ्या भोकांतून उसळलेले कारंजे सचिवांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर विसावले. इंजिन गरगर फिरत होते.

"मेलेलं नाही, पाणी प्यायलंय. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन अडतो. तेल बदललं की धावेल."

"पण पाणी समुद्राचंच!" सचिव सदरा पिळत म्हणाले.

"चाखा ना काका," भाची म्हणाली.

त्यांनी बाही जिभेला लावली. "खारट!"

"तो घाम असेल, काका."

मग बशीत इंजिनातले पाणी धरण्यात आले. सभासदांनी बोटे बुडवली, तोंडे वाकडी केली आणि मतदान झाले. खारटपणा बहुमताने मंजूर झाला. निसर्गनियम मताला टाकण्याची ही प्रथा फार जुनी आहे. निसर्ग अशा वेळी तटस्थ राहतो आणि नंतर वसुली करतो.

आत्याने वाद घातला नाही. बशीतल्या पाण्यावरचा तेलकट तवंग टिपून तिने ते शेडबाहेरच्या शेगडीवर पळीत आटवले. शेजारी दुसऱ्या पळीत समुद्राचे. समुद्राच्या पळीत मिठाची पांढरी खरपुडी उरली. पहिलीत काहीच नाही.

"बहुमत उडून गेलं," भाची म्हणाली.

"गोडं पाणी आत जातं ते मीठ धुवायच्या नळीतून," आत्या म्हणाली. "इंजिन चालू असलं तर धुराबरोबर बाहेर पडतं, बंद असलं तर आत साठतं. म्हणून आधी इंजिन, मग नळ. भिंतीवर एवढं मोठं रंगवून ठेवलंय मी!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. नियमाच्या जागी सुरक्षा-सप्ताहाचा फलक होता, आणि त्यावर सचिवांचे हसरे छायाचित्र. भाचीने फलकाचा कोपरा उचलला. नियम जागच्या जागी होता.

"मी तर काल त्या माणसाला घेऊन दवाखान्यात गेले होते," ती म्हणाली. "स्कूटर काकांच्या ताब्यात दिली होती. चालू होती."

"अहो," आत्या हळूच म्हणाली. त्या घरात हा शब्द इतक्या हळू उच्चारला गेला, की पळवाटा बंद होत.

सचिवांनी घसा साफ केला, लाल जाकीट झटकून भाचीच्या हातात दिले आणि सभेला उद्देशून म्हणाले, "नळी मीच लावली. पण सुरक्षा-सप्ताहाचं भाषण पाठ करायचं होतं, आणि इंजिनाच्या धडधडीत मला माझाच आवाज ऐकू येईना, म्हणून इंजिन बंद केलं. नळ चालूच राहिला. भाषण जरा लांबलं."