तीन दिवस, सात दिवस

डॉक्टर सुमेधाने वहीत शेवटची रेघ मारली आणि पेनाला टोपण लावले. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यातल्या साठ बायका झाल्या. लघवीच्या जळजळीवर निम्म्यांना तीन दिवसांचा कोर्स दिला होता, निम्म्यांना सात दिवसांचा. दिवसाला गोळ्या दोन. गुण मात्र दोन्हीकडे सारखाच आला. मग कामगार बायकांच्या पोटात चार दिवसांच्या जादा गोळ्या ढकलायच्या कशाला? रविवारी ठाण्याच्या डॉक्टरांपुढे ती हे ठणकावून सांगणार होती. तिचा दवाखाना दोन खोल्यांचा असला तरी काम चोख होते. कोर्स निवडताना आपली मर्जी आड येऊ नये म्हणून तिने सरळ नंबर लावला होता: एकीला तीन दिवस, तिच्या मागचीला सात.

भिमाबाई शेवटच्या तपासणीला आली होती. पॅकिंगमधली, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. ती सात दिवसवाली. त्रास पार गेला होता. चौदाच्या चौदा गोळ्या घेतल्या ना, असे सुमेधाने सहज विचारले.

"धा घेतल्या."

"चार टाकून दिल्या?"

"टाकीन कशाला, मॅडम? पुतळाबाईला दिल्या. तिला बिचारीला सहाच मिळालेल्या. बरोबर आलो, दुखनं एक, अन् मला जास्ती? दोघींनी धा-धा घेतल्या."

सुमेधा हसली. एक जोडी वगळली तर फारसे बिघडणार नव्हते. बाकीच्यांनी तरी असे केले नाही ना, असे तिने विचारले.

"सगळ्यांनीच केलं. असल्या दुखन्याला एकटी कोन येते? जोडीनंच येतो आमी. जेवनाच्या सुट्टीत डबे उघडले की वाटनी व्हायची."

सुमेधाने पाने उलटली. एकीपुढे तीन, दुसरीपुढे सात, पुन्हा तीन, पुन्हा सात. प्रत्येक जोडी तिनेच फोडली होती आणि बायकांनी ती पुन्हा जुळवली होती. साठही जणींनी पाच-पाच दिवस गोळ्या घेतल्या होत्या. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. तिला राग आला, तो जास्त करून स्वतःचाच.

"पन बऱ्या झालो ना सगळ्या?" भिमाबाईला शाबासकी हवी होती.

"झालात," सुमेधा म्हणाली. तेवढे तरी खरे होते.

भिमाबाई गेल्यावर तिने रविवारचे कागद खणात टाकले, कोरी वही काढली आणि दार उघडले. बाकावर दोघी खेटून बसल्या होत्या. पुढची पदर सावरत उठली.

"एकटी नको," सुमेधा म्हणाली. "दोघीही या."

वहीत तिने दोन्ही नावे एकाच ओळीत लिहिली आणि त्यांच्यापुढे एकच आकडा घातला.