विंगेतल्या बाई

“अगं, गाडी सुटतेय का तुझी?” तिरोडकर बाईंनी पट्टी बाकावर आपटली. “शेजारीण सांगते, सगळ्या होड्या परत आल्या, तुझ्याच नवऱ्याची आली नाही. आणि तू लगेच म्हणतेस, भात झाकून ठेवते? जरा थांब की!”

“थांबलं की सगळे बघतात ना, बाई,” उर्सुला म्हणाली.

“बघू देत. बघायलाच येतात लोक.”

“पण किती थांबायचं?”

“पोटातून येईल तेवढं.”

चित्रकलेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालीम चालली होती. मरोळच्या या शाळेत माणिक तिरोडकर मराठी शिकवायच्या आणि दरवर्षी स्पर्धेसाठी नाटक बसवायच्या. यंदाचं वर्सोव्याच्या कोळणीचं नाटुकलं त्यांनीच लिहिलं होतं. कोळीण झालेली उर्सुला मरोळ गावठाणातली, अकरावीत शिकणारी. तिच्या वडिलांनी, इसिडोरने, बाईंना आधीच बजावलं होतं, “हे एकच नाटक हां, बाई. परीक्षा झाली की साबणाच्या फॅक्टरीत चिकटवतो तिला. साहेबांशी बोलून ठेवलंय.” पहिली येणारी शाळा अंतिम फेरीला जाणार होती. म्हणजे पहिला नंबर आला तरच उर्सुलाला पुन्हा एकदा रंगमंच मिळणार होता.

पोरांना नाटकाची धास्ती अशी कधी वाटतच नसे. विंगेत बाई असायच्या ना! वही हातात, बोट वाक्यावर. कुणाची जीभ अडखळायच्या आत त्यांचा शब्द कानात पडायचा. त्यालाही कारण होतं. तरुणपणी चाळीच्या मंडळाच्या नाटकात माणिक ऐन प्रसंगात वाक्य विसरली आणि तेव्हाच प्रॉम्प्टर बिडी ओढायला बाहेर गेला होता. शिट्ट्या झाल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी तर ताकच सोडलं. त्या पुन्हा रंगमंचावर पाऊल टाकायला धजल्या नाहीत, विंग मात्र त्यांच्याने सुटली नाही.

स्पर्धा अंधेरीच्या एका सभागृहात होती. प्रॉम्प्टिंग ऐकू आलं तर गुण कापणार, असा नियम होता. बाईंनी नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. तिसरी घंटा झाली आणि पडदा सरकला.

नाटक रंगत गेलं. शेजारीण झालेली सुगंधा दारात आली. “समद्या होड्या लागल्या गो किनाऱ्याला. तुमचीच तेवढी…”

उर्सुला थांबली. तिचा हात भाताच्या टोपावर होता. ती टोपाकडे बघत राहिली, मग दाराकडे. सभागृहात इतका वेळ चाललेली खुर्च्यांची करकर बंद पडली.

विंगेत बाईंचं बोट वाक्यावर थबकलं. विसरली! पोर विसरली! “भात झाकून ठेवते,” त्या कुजबुजल्या. उर्सुला हलली नाही. बाईंना कुठूनशा त्या जुन्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या.

“भात झाकून ठेवते!”

शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. उर्सुलाने क्षणभर विंगेकडे पाहिलं आणि गुणी मुलीसारखं वाक्य म्हणून टाकलं.

निकालात शाळेचं नाव नव्हतं. बाई रंगपटात गेल्या तेव्हा उर्सुला खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होती.

“बाई, मी विसरले नव्हते.”

“माहीत आहे गं मला.”

“येत होतं पोटातून. जरा थांबला असतात तर आलं असतं.”

बाईंना वाईट वाटलं, लाजही वाटली. “चुकलं माझं, पोरी,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यापुढे असं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. “मी शिकवलं तुला, पण मलाच थांबता आलं नाही.”

“जाऊ द्या ना, बाई. मजा आली,” उर्सुला म्हणाली आणि उगाचच पुन्हा तोंड पुसायला लागली. जूनमध्ये ती फॅक्टरीत लागली.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी बाईंनी वही घरीच ठेवली आणि विंग सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. पोरं रडकुंडीला आली. “बाई, विसरलो तर?”

“तर थांबा,” बाई म्हणाल्या.

पडदा सरकताना शेजारच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. साबणाचा वास आला. फॅक्टरीतली पाळी सुटल्यावर उर्सुला तडक इकडेच आली होती.

नाटक अर्ध्यावर आलं आणि एक मुलगी बोलता बोलता गप्प झाली. सभागृह शांत. बाई पुढे सरकल्या, त्यांचे ओठ उघडले.

उर्सुलाने त्यांचा हात घट्ट धरला.

“येतंय, बाई,” ती हळूच म्हणाली.

आणि दोघी थांबल्या.