गबरेलचा येळकोट

बोलपट बघायचा तर पुणं गाठावं लागे, त्या काळातली गोष्ट. भोरच्या जत्रेत आनंदरावाच्या नाटकाच्या तंबूत आरोळी उठायची, ‘गबरेल आला!’ आणि डोळ्यांवर काळा मुखवटा, पाठीवर तांबडा शेला अशा थाटात वीर दोरावरून सर्रकन खाली येऊन दरोडेखोरांना लोळवायचा. हा वीर म्हणजे याकूब शिंपी. खेळाची गोष्ट त्यानंच रचलेली, शेलाही त्यानंच शिवलेला. नाव तेवढं दवाखान्यातल्या दानियेल कंपाउंडरनं सुचवलं. तो बेने इस्रायल, म्हणजे इथलाच ज्यू. म्हणाला, ‘‘आमच्या हिब्रूत एल म्हणजे देव. गब्रिएल म्हणजे देवाचा वीर. तुम्हा मुसलमानांचा जिब्रईल तोच की!’’

पण डोंगरातल्या माणसांना हिब्रू कुठली ठाऊक? त्यांनी ऐकलं ‘गबर-येळ’, आणि येळ म्हटल्यावर कोट आलाच! कुणीतरी ‘येळकोट येळकोट’ ओरडलं, सगळा तंबू ‘जय मल्हार’ गरजला आणि याकूबवर भंडारा उधळला गेला. त्या दिवसापासून तंबूत मुंगी शिरायला जागा उरेना.

आनंदरावानं मात्र दम भरला. ‘‘मुखवटा काढलास तर याद राख! देव शिंपी निघाला तर लोक मला फाडून खातील.’’

‘‘शिंपी का मुसलमान? नीट बोला की, आनंदराव.’’

‘‘दोन्ही! माझं खातोस ना? मग गप ऱ्हा.’’

याकूबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाम याचा, आणि नाव कुणाला ठाऊक नाही! एकदा, फक्त एकदा लोकांनी आपलं तोंड बघून टाळी द्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

एके दिवशी खेळ संपला तशी पासली गावची म्हातारी ठकुबाई मंचावर चढली. डोंगर उतरून पायी आली होती बिचारी. पिशवीतला भंडारा तिनं त्याच्या कपाळी लावला, पायांवर डोकं ठेवलं.

‘‘देवा, येकडाव मुखडा दाव रं.’’

पडद्याआडून आनंदराव डोळे वटारत होता. वटार म्हणावं! याकूबनं मुखवटा ओढून काढला.

‘‘मावशी, म्या याकूब. पेठेतला शिंपी.’’

टाळी एकही पडली नाही. आता म्हातारी शिव्या घालणार म्हणून त्यानं मान ताठ केली. शिव्या चालल्या असत्या त्याला. पण ठकुबाईनं पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा भंडारा पुसून काढला, कणही राहू दिला नाही, पदर पिशवीत झटकला आणि पिशवीचं तोंड आवळलं.