मुसेंबीच्या जाळीवरचा पहिला तुकडा

“घासून घासून मनगटं गळाली, तरी हिचा काळेपणा जाईल तर शपथ. हेच सगळं माणसांच्या पोटात जातं म्हणा,” असं माझी मालकीण कालोंडू रोज सकाळी माझ्यावर वाकून पुटपुटते आणि तारेची घासणी आणखी जोरात दाबते. मी निमूट ऐकते. उलट बोलायला मला तोंड कुठे आहे?

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. मटण भाजायची लोखंडी जाळी. एमाली गावात, मोम्बासाकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली एक आडवा कापलेला पिंप आहे. त्यात बाभळीच्या कोळशाचे निखारे असतात आणि निखाऱ्यांवर मी. पूर्वी कालोंडूच्या त्या पुटपुटण्याचा मला राग यायचा. हल्ली भीती वाटते.

माझा जन्म फार मोठ्या घरचा नाही. पुलाच्या कामातून उरलेल्या सळ्या एका वेल्डरने स्वस्तात उचलल्या आणि त्यातल्या एकोणीस माझ्यासाठी कापल्या. दोन जरा वाकड्या निघाल्या, त्या त्याने कडेला लावून टाकल्या. पुलात गेले असते तर जन्मभर सिमेंटमध्ये चिणून पडले असते, कुणी नावही घेतलं नसतं. कालोंडूचा नवरा मुसेंबी तेव्हा नुकताच लग्न झालेला, अंगाने दणकट, हसरा तरुण होता. त्याने मला जमिनीवर ठेवून वर उभं राहून पाहिलं आणि वेल्डरला म्हणाला की हिच्यावर अख्खा बोकड झोपला तरी कुरकुरणार नाही. ती माझी पहिली शाबासकी.

पुढची सव्वीस वर्षं मी कौतुकातच काढली. मोम्बासाच्या बसगाड्या आमच्या दारात थांबायच्या. ट्रकवाले दुरूनच धुराचा वास ओळखायचे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भप्पकन ज्वाळ उठायची, बरगडीची कड काळी कुरकुरीत व्हायची, आणि लोक नेमकी तीच कड मागून घ्यायचे. सोबत मीठ, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि मक्याची घट्ट उगाली. निवृत्त शिक्षक मुतिंडा गुरुजी दर रविवारी येत आणि करपलेला भाग दुसऱ्या कुणाला दिला तर लहान मुलासारखे रुसत.

मुसेंबीची एक रीत होती. मटण ठोकळ्यावर कापलं की सगळ्यात काळा, सगळ्यात खरपूस कोपरा तो सुरीच्या टोकावर घ्यायचा, मिठात टेकवायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर स्वतः खायचा. मगच मटणाचा लाकडी पाट पुढे सरकवायचा. हे त्याला त्याच्या मामाने शिकवलं होतं. ज्याने भाजलं त्यानेच खाल्लं नाही, तर दुसऱ्याने कशाच्या भरवशावर खायचं, असं मामाचं म्हणणं. म्हणून दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा, पहिला काळा तुकडा मुसेंबीचा. लोकांना त्यात त्याचा प्रामाणिकपणा दिसायचा. मलाही तोच दिसायचा.

सहा महिन्यांपूर्वी एके दुपारी तो तुकडा परत आला.

मुसेंबीने नेहमीसारखा तोंडात टाकला, चावला, मान हलवली. मग निखारे फुंकायचं निमित्त करून गिऱ्हाइकांकडे पाठ केली आणि चावलेला घास माझ्यावर थुंकला. तो माझ्या सळ्यांमधून खाली पडला आणि चर्र झाला. मला वाटलं हाडाची कपची असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आठवड्याभरात मला कळून चुकलं की हाड-बीड काही नाही, घास त्याच्या गळ्याखाली उतरतच नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. मित्रांनो, मी अख्खे बोकड पेलले आहेत, पण हे ओझं मला पेलवेना.

आमच्याकडे गळ्यात काही अडकलं की हाडांचा उकळता रस्सा तसाच पिऊन टाकतात. चटका बसला की वाट मोकळी होते, असा समज. मुसेंबीनेही तेच केलं. रोज सकाळी पातेल्यातून कप भरायचा, फुंकरही न मारता घोटाघोटाने ओतायचा आणि डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसायचा. आधी एक कप, मग दोन. आतमध्ये आधीच सोललेलं असेल तर त्यावर हे उकळतं ओतून काय होत असेल, या विचाराने मी निखाऱ्यांवर असून गार पडायचे.

कालोंडू आंधळी नव्हती. नवऱ्याच्या पट्ट्याला तिने खिळ्याने नवं भोक पाडलं, पंधरा दिवसांनी आणखी एक. काही विचारलं नाही. बटाटे आणि केळी उकडून अगदी मऊ कुस्करून द्यायला लागली. तो म्हणाला दाढ दुखते. ती म्हणाली हो, दाढेचं दुखणं वाईट. दोघांनाही माहीत होतं की दाढ बिचारी ठणठणीत आहे.

मग त्यांची मुलगी कासिवा सुट्टीवर आली. ती माचाकोसला एका दवाखान्यात नर्स आहे, आणि तिची सोयरीक ठरत आली होती. ती आली त्या रविवारी मुतिंडा गुरुजी बरगडी चोखत बसले होते. कासिवाने त्यांच्या पाटावरचा काळा भाग सुरीने कापून बाजूला काढायला सुरुवात केली, तसे गुरुजी कळवळले. त्यांचे वडील नव्वदीपर्यंत भाजलेलं मटण खात होते आणि शेवटी गाढवावरून पडून गेले, तेव्हा दोष गाढवाला द्यावा, मटणाला का, असा त्यांचा सवाल होता.

कासिवा हसली, पण सोडलं नाही तिने. ती सांगत होती ते मी सगळ्याच्या सगळ्या सळ्या ताणून ऐकलं. मटण ज्वाळेत करपतं तेव्हा त्या काळ्या भागात आणि चरबीच्या धुरात अंगाला घातक अशी द्रव्यं तयार होतात. एका बरगडीने कुणी मरत नाही. कुणी आयुष्यभर खाऊन धडधाकट राहतं, कुणी राहत नाही, आणि कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. पण जितकं काळं, जितक्या वेळा, जितकी वर्षं, तितका धोका वाढत जातो. त्यावर रोज उकळतं काही घशात ओतलं तर आणखी.

“म्हणजे मी वाचलो,” गुरुजी म्हणाले. “मी आठवड्यातून एकदाच खातो. रोज कोण खातं बाई?”

मुसेंबी चिमट्याने निखारे उगाच इकडचे तिकडे करत राहिला.

संध्याकाळी कासिवा बापाला नुसतं इतकंच म्हणाली की बाबा, तुम्ही फार वाळलात. तो म्हणाला, “लग्न तुझं आणि नटायचं मी. सडपातळ नको का दिसायला?” ती हसली. मग माझ्याजवळ येऊन, धूर नसतानाही डोळे चोळत उभी राहिली. नर्स असून तिला विचारवत नव्हतं. मायलेकी एकमेकींकडे बघायच्या आणि मिठाची बरणी उचलून परत तिथेच ठेवायच्या. त्या दुखण्याचं नाव घेतलं तर ते घरात येऊन बसेल असं तिघांनाही वाटत होतं.

आणि मला? मला वाटत होतं की ते मीच केलं. माझ्याकडे कौतुकाने बघणारा पहिला माणूस, त्याला मी सव्वीस वर्षं रोज थोडं थोडं काळं भरवलं. कदाचित मी नसेन. कदाचित तो रस्सा असेल, कदाचित दोन्ही, कदाचित तिसरंच काही. हे ‘कदाचित’ फार वाईट असतं, मित्रांनो. तुम्ही मला मोडीत टाका असं मी म्हणत नाही. पण निखारे एका बाजूला ओढा, ज्वाळ उठली की मटण सरकवा, काळं झालेलं कापून टाका, आणि सणावाराचं खाणं सणावारालाच राहू द्या. मला रोज घासा. आणि घास अडकायला लागला तर माझ्यासारख्या मुक्या लोखंडाला सांगत बसू नका. ज्याला तोंड आहे, कान आहेत, त्याला सांगा.

हे मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. त्याऐवजी मला हातगाडीवर घालून मुसेंबीच्या अंगणात नेलं, कारण सोयरिकीचा दिवस उजाडला होता.

मुलाकडचे लोक वोटे गावाहून तीन बोकड घेऊन आले. त्यांच्या वतीने बोलायला मुलाचे काका, मुल्वा, आले होते. पोट सुटलेला, गमत्या माणूस. आमच्यात मुलीच्या बापाने त्या बोकडाचा तुकडा सगळ्यांसमोर खाल्ला की सोयरीक पक्की. न खाणं म्हणजे बोकड परत, माणसं परत, नातं संपलं. कालोंडूने मला सकाळीच दोनदा घासलं होतं.

भर दुपारी मटण झालं. कासिवाने ज्वाळ उठू दिली नव्हती, अगदी मऊ कोवळा तुकडा तिनेच बापासाठी निवडून बोटाएवढा कापला. मुसेंबीने तो तोंडात घेतला. तो चावत राहिला. चावत राहिला. कपाळावर घाम आला. एक घोट पाणी प्यायला, ते नाकातून परत आलं. कासिवा खाली बघत होती.

“काय व्याहीबुवा,” मुल्वाकाका म्हणाले, “आमचा बोकड म्हातारा निघाला का? की नवरामुलगा गळ्याखाली उतरत नाही?”

दोनचार जण हसले आणि थांबले. कारण मुसेंबीने खोकत खोकत तो घास तळहातावर काढला होता.

वोटेची माणसं एकमेकांकडे बघू लागली. नवऱ्यामुलाच्या आईने मांडीवरची पिशवी उचलली. मुल्वाकाकांचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्यांनी हळूच विचारलं की आमचं काही चुकलं का. कालोंडू घाईघाईने म्हणाली, “दाढ आहे हो ह्यांची, दाढ दुखते.” ते कुणालाच पटलं नाही. ते लोक उठायच्या बेतात होते.

मुसेंबी माझ्याकडे वळला. मला वाटलं नेहमीसारखा तो घास माझ्यावर टाकेल आणि निखारे फुंकू लागेल. मी सगळी आवळून बसले. पण तो तसाच, तळहात उघडा ठेवून, परत फिरला.

“बोकडात काही खोट नाही,” तो म्हणाला. “मुलातही नाही. सहा महिने झाले, घास माझ्या गळ्याखाली उतरत नाही. मला कॅन्सर झाला असेल, कासिवा. तू सोबत असलीस तरच मला दवाखान्यात यायचा धीर होईल.”