वाळूत फुगलेले वडे

हे तुम्ही खरं मानणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: तेलाचा एक थेंब न घालता मी वडे फुगवलेत, आणि तेही असे की एक वडा उडून घराच्या वाशाला लागला. परवा खळ्यात ऊन खात बसलो असताना शेजारच्या बाबल्याला हेच सांगत होतो. माझी बायको सावित्री पडवीत तांदूळ पाखडत होती.

साल अठ्ठावन्न. मसुऱ्यात त्या पौषात अशी थंडी पडली होती की खोबरेल बाटलीत दगड झालं होतं, आणि कोंबडा आरवायच्या आधी शेकोटीशी येऊन अंग शेकून जायचा. अशा सकाळी आमच्याकडे एकच गोष्ट हवी: कढईतून थेट ताटात आलेला वडा आणि काळ्या वाटाण्याचं झणझणीत सांबारं. वडा फोडला की वाफ निघायची, आणि धन्या-मेथीचा वास पार बांधावरच्या माणसाला वळून बघायला लावायचा. माझे थोरले बंधू दाजी तीस वर्षं गलबतावर तांडेल होते. कालिकतहून आले तरी पाय न धुता विचारायचे, "वडे खंय?"

त्या साली त्यांच्या छातीत कळ आली. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तेल बंद. नारळ बंद." मग उरलं काय? दाजींनी भिंतीकडे तोंड केलं. पेज जायची तशी परत यायची. आठवड्याभरात माणूस खुंटीवरच्या सदऱ्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "छातीचं मी बघतो. पण हे खाईनात, तर माझा इलाज चालायचा नाही."

तेव्हा चूल मी हातात घेतली.

पहिला वडा तव्यावर कोरडा भाजला. दाजींनी नखाने वाजवून पाहिला. "भाई, ह्यो वडो नाय रे, कौल आसा. घरार घाल."

दुसरा केळीच्या पानात वाफवला. "ह्येका ताप इलो हा," दाजी म्हणाले. "डॉक्टराक दाखव."

मग माझं डोकं चाललं. कुरमुरे काय तेलात फुगतात? वाळूत फुगतात! गाडी जुंपून कुणकेश्वरची वाळू आणली, सात पाण्यांत धुतली, कढईत लाल होईपर्यंत तापवली आणि थापलेला वडा अलगद आत पुरला. वाळू हलली. वडा वर आला, नारळाएवढा झाला, कढईतून सुटला तो थेट वाशाला! आमच्या माडांवर चढणाऱ्या लवूला हाक मारली. तो वर चढला, वडा बोटाने वाजवला आणि तिथूनच ओरडला, "भाईनू, काढू काय? अजून कवळो शाळो वाटता!"

"आणि दाजींनी किती खाल्ले?" बाबल्याने विचारलं.

"पाच! बोटं चाटून. मला जवळ बसवून म्हणाले, 'भाई, आता मी जगतंय बघ.' आणि जगले रे. आणखी सहा हिवाळे, रोज सकाळी माझा वाळूतला वडा. अजूनही वड्यातून वाफ निघाली की मी त्यांच्या खाटेकडे बघतो. खाट कधीच माळ्यावर टाकली, तरी बघतो."

पडवीतलं सूप थांबलं.

"वाळूतले?" सावित्री म्हणाली. "ओ, तुमचे वाळूतले वडे कोंबड्यांनीय टोचूक नाय! आणि वाशाक लागलो तो वडो नाय, तुमचा कपाळ. बाबल्या, आयक. पिठात अर्धी नाचणी घालून मी ते शेजारच्या जानकीच्या चुलीर तळलंय. फडक्यात दाबून तेल काढलंय, नि ह्येंनी पाठ फिरवल्यार ताटात बदललंय. आणि दोनच दिलंय, पाच नाय!"

"मगे दाजींका कळूक नाय?"

"पयल्याच घासाक कळला. माझ्याकडे बघून हसले नि म्हणाले, 'भाईक सांगू नको गो. तो बिचारो माझ्यासाठी वाळू धुता हा.'"