ठोक्याचा तळहात

बसा हो, नीट टेकून बसा. ठोक्याची गोष्ट सांगतो, पण घाईनं ऐकाल तर मजा नाही.

ठोक्या म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा. कुठं आपटलेली, चेपलेली गाडी आली की हातोडीनं तिला माणसात आणायचा. जन्मभर ठोकून तळहात असे घट्ट झालेले की शेगडीवरचं भांडं फडक्याशिवाय उतरवायचा आणि वर बायकोकडं ऐटीत बघायचा. ती म्हणायची, "कौतुक पुरे, चहा गाळा."

त्याच शेडमध्ये पलीकडं रंगारी. ह्यानं पत्रा सरळ करायचा, त्यानं रंग मारायचा, अशी दोघांची हयात गेली. मग रंगाऱ्याचे हात थरथरायला लागले. शेवटची म्हणून त्यानं स्वतःची गाडी रंगवली, मोरपंखी. काय रंग होता! उन्हात बघितली की एक आणि सावलीत बघितली की दुसरीच. त्यानंतर त्यानं रंगाची गन खुंटीला टांगली, ती टांगलीच. चहासुद्धा अर्धा कप घ्यायचा, सांडायला नको म्हणून.

एक दिवस रंगाऱ्याची लेक तीच गाडी घेऊन आली. शेजारी बाप, मागच्या सीटवर चार रुंद चाकं.

"काका, ही बसवायचीत. बाबांनी हौसेनं आणलेली. तुम्ही हसलात म्हणून माळ्यावर धूळ खात पडली."

"मी? मी कशाला हसतोय!"

"म्हातारीला उंच टाचेचे बूट, असं म्हणालात."

ठोक्या मान खाजवायला लागला. आठवलं होतं त्याला.

पुढं चाकं बसली. मागं मात्र अडलं. मडगार्डची कड आतल्या बाजूला नखासारखी वळलेली असते, रुंद टायर तिला घासून कापतो. तर करायचं काय, की चाक काढून त्या जागी एक रोलर बोल्टनं बसवायचा, त्याचा दांडा पुढं-मागं फिरवत ती कड हळूहळू वर दाबून चपटी करायची. पण आधी गरम हवेनं रंग तापवायला लागतो. कमी तापला तर तडकतो, जास्त तापला तर फुगतो.

रंगारी स्टूल घेऊन भिंतीकडं तोंड करून बसला. "मला दाखवू नकोस. काही झालं तर परत मारायला आता मी नाही."

ठोक्यानं डावीकडनं सुरुवात केली. तापवलं, तळहात लावला. गारच की! आणखी तापवलं, परत हात लावला. कोमटसुद्धा लागेना. आणखी तापवलं, आणि वास आला. वाकून बघतो तर कडेच्या आत मोहरीएवढा फोड.

आयुष्यभर मिरवलेला हात आज ठोक्यालाच फसवून बसला होता. त्यानं तशीच ती कड दाबून घेतली. फोड आत गेला, वरून कुणाला दिसेना. पण उजवी बाजू बाकी होती.

"ए रंगाऱ्या, इकडं ये."

"मी काय करू? हात बघ माझा."

"थरथरू दे. चटका बसतो ना त्याला? माझ्या हाताचं पार जोड्याचं कातडं झालंय. मला कळत नाही."

ठोक्याच्या तोंडून 'मला कळत नाही' हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. रंगारी उठला. थरथरता हात उलटा करून त्यानं बोटांची पाठ पत्र्याला टेकवली.

"अजून. अजून जरा. थांब! आता घे. हळू रे, ठोकायचं नाहीये, वळवायचंय!"

"कळतंय."

"कळत नाही म्हणालास ना आत्ता?"

लेक हसली. कड पाण्यासारखी वळली, रंगाला चरासुद्धा पडला नाही.

मग पारख. रिकाम्या गाडीत टायर घासत नाही, वजन पडलं की घासतो. म्हणून ठोक्यानं बायकोला बोलावलं, तिच्या बहिणीला बोलावलं आणि मागच्या सीटवर त्यांच्या मधे स्वतःला कोंबलं. रंगारी लेकीशेजारी बसला. "मला काय पोतं समजलात?" असं बायको म्हणतेय तोवर लेकीनं गाडी फाटकातल्या उंचवट्यावरनं नेली. सगळ्यांचे कान टायरकडं. खर्र नाही, खुर्र नाही.

रंगारी उतरला. उजव्या कडेखालनं बोट फिरवलं, मग डाव्या. डावीकडं बोट एका जागी अडलं. ठोक्यानं परत मान खाजवली. रंगाऱ्यानं बोट सदऱ्याला पुसलं.

"म्हातारीला बूट शोभले रे," म्हणाला, आणि पूर्ण कप चहा मागितला.

तर एवढं करा माझ्यासाठी. ती मोरपंखी गाडी कुठं उभी दिसली, तर खुशाल कौतुक करा, पण डाव्या मडगार्डखाली बोट घालू नका. आणि त्या दोघांपैकी कुणालाच काही विचारू नका.